नारिंगी दिसत नसल्याचा दाखला

आमच्या केलादी गावात गाडीच्या पुढच्या दिव्यातला नारिंगी भाग काळा करून घेण्याचं काम गेल्या वर्षापर्यंत अत्यंत शिस्तीत चालू होतं. कोणाची तक्रार नव्हती. इंडिकेटर लुकलुकतो तो नारिंगी कोपरा दिसला की गाडी म्हाताऱ्याची वाटते, असं तरुणांचं मत पडलं. पेराक राज्याच्या आमच्या टोकाला एखादं मत पोचायला वेळ लागतो, पण एकदा पोचलं की ते मुक्कामालाच येतं. आधी तरुणांनी दिवे काळे केले. मग त्यांच्या बापांनी केले, पोरांच्या मानाने म्हातारे दिसू नये म्हणून. मग ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने केले. तो शिकाऊ मंडळींना सांगू लागला की वळताना मुख्य गोष्ट आत्मविश्वास.

मीही केले. बत्तीस वर्षं मी या गावाला गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर एक जुना विद्यार्थी म्हणाला, "मास्तर, तुमची गाडी समोरून आली की अजून पेपर हातात मिळणार असं वाटतं." दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिओंगच्या गॅरेजसमोर रांगेत होतो.

लिओंगने बंद पडलेल्या बेकरीची भट्टी विकत घेतली होती. पूर्वी तिच्यात पाव भाजत, आता दिवे. तापवलं की डिंक सैल होतो, पुढची काच निघते, आतला नारिंगी तुकडा काळा रंगवायचा आणि काच परत बसवायची. मी त्याला विचारलं, "हे कायद्यात बसतं का रे?"

"मी इंडिकेटर काढत नाही, मास्तर," लिओंग म्हणाला. "तो आहे तिथेच आहे. फक्त दिसत नाही. कायद्यात काय लिहिलंय? असावा."

मी गणिताचा माणूस. असणं आणि दिसणं यांतला फरक मला पटला.

अडचण आली ती निझामच्या गाडीपासून. निझाम जमीन कार्यालयात कारकून. स्वभावाने गरीब, दुसऱ्याला दुखवायचं नाही म्हणून फायलीसुद्धा हळू सरकवणारा. जिल्ह्याच्या नाक्यावर त्याला वाहतूक पोलिसांनी अडवलं आणि नोटीस दिली की चौदा दिवसांत दिवे मूळ स्थितीत आणून तपासणी केंद्राचं प्रमाणपत्र घ्यावं. निझाम हादरला. लिओंग हादरला नाही. त्याने फळीवरून एक नारिंगी कोपऱ्यांची जोडी खाली काढली. आमच्या गावातल्या दहातल्या सात गाड्या एकाच जातीच्या, त्यामुळे एकच जोडी सगळ्यांना बसायची. तिला 'तपासणीची जोडी' म्हणत. ती तासाच्या भाड्याने मिळे.

तपासणी केंद्रातले बद्रुलसाहेब दिव्यापुढे वाकले. डाव्या काचेवर मांजरीच्या नखासारखा ओरखडा होता.

"हा दिवा ओळखीचा वाटतो," ते म्हणाले.

"कंपनीचा आहे साहेब. सगळे सारखेच असतात," निझाम म्हणाला.

"ओरखडासुद्धा?"

बद्रुलसाहेबांनी क्षणभर केंद्राच्या मागच्या बाजूला पाहिलं. तिथे त्यांची स्वतःची गाडी झाडाखाली उभी होती, तोंड भिंतीकडे करून. मग त्यांनी शिक्का मारला: पुढील दिशादर्शक दिवे उपस्थित, रंग नारिंगी, शंभर फुटांवरून स्पष्ट दिसतात. दुपारपर्यंत जोडी लिओंगच्या फळीवर परत गेली आणि निझामच्या गाडीला तिचे काळे दिवे परत मिळाले.

चौथ्या दिवशी सकाळी निझामने सासऱ्याला उडवलं.

सासरे म्हणजे मेओर शुकरी. रेल्वेत सदतीस वर्षं सिग्नलमन. हिरवा, तांबडा, पिवळा या पलीकडे जगात काही गोंधळ असतो हे त्यांना मान्य नव्हतं. चहाच्या दुकानातून नासी लेमाकच्या, म्हणजे नारळाच्या दुधातल्या भाताच्या, दोन पुड्या घेऊन ते आपल्या गल्लीच्या तोंडाशी आले. रस्त्याने गाडी येताना दिसली. त्यांनी नेहमीप्रमाणे थांबून तिच्या पुढच्या दिव्यांकडे पाहिलं. काही लुकलुकत नव्हतं, म्हणजे गाडी सरळ जाणार. ते गल्लीचं तोंड ओलांडू लागले. गाडी गल्लीत वळली, कारण निझाम सासऱ्यांकडेच नाश्त्याला चालला होता. पुड्या उडाल्या, मेओर पडले, घोटा मोडला. निझाम गाडीतून उतरून रडायलाच लागला. मेओर रस्त्यावर पडल्या पडल्या त्याला म्हणाले, "रडू नकोस. आधी मागची गाडी थांबव, नाहीतर आता तुलाही उडवेल."

हे सगळं चहाच्या दुकानासमोर घडलं आणि दुकानात आम्ही पाच जण बसलो होतो. दवाखान्याने पोलिसांना कळवलं, तसे दुपारी सार्जंट गुणालन आले. भला माणूस. त्यांनी आधी प्रमाणपत्र वाचलं, मग गाडीकडे पाहिलं, मग पुन्हा प्रमाणपत्र वाचलं.

"कागदावर नारिंगी आहे," ते म्हणाले.

"हो," निझाम म्हणाला.

"गाडीवर काळं आहे."

निझामने रुमालाने दिवा पुसला.

"गाडी बघायचा अधिकार तपासणी केंद्राचा. माझ्याकडे कागद." त्यांनी वही उघडली आणि आमच्याकडे वळले. "इंडिकेटर लुकलुकत होता की नव्हता?"

आमच्या पाचांच्या पाच गाड्या दुकानाबाहेर ओळीने उभ्या होत्या, काळ्याभोर. नव्हता म्हणावं तर सार्जंटांचा पुढचा प्रश्न काय येईल हे पाचांनाही कळत होतं. पहिला म्हणाला, होता. दुसरा म्हणाला, चांगलाच होता. माझा पाचवा नंबर. चार उत्तरं एकसारखी आली की पाचवं वेगळं देणारा मुलगा नापास होतो, हे मीच पोरांना शिकवलेलं. मी म्हणालो, "होता."

प्रमाणपत्र म्हणतं दिवा दिसतो, पाच साक्षीदार म्हणतात लुकलुकत होता, आणि मेओर म्हणतात काही दिसलं नाही. सार्जंटांनी सरळ निष्कर्ष काढला, काकांच्या डोळ्यांत दोष आहे. प्लास्टरसकट मेओरना जिल्ह्याच्या दवाखान्यात डोळे तपासायला पाठवलं.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने ठिपक्याठिपक्यांची, मधे आकडे लपवलेली पानं त्यांच्यापुढे धरली. मेओरनी सगळे आकडे धडाधड वाचले. चौदाव्या पानावर थांबले.

"हे पान उन्हात राहिलं होतं का? नारिंगी उडालाय."

डॉक्टरने पान खिडकीशी नेलं. खरंच उडाला होता. तिने अहवालात लिहिलं, रंगदृष्टी निर्दोष, किंबहुना दवाखान्यातील पुस्तकापेक्षा अधिक विश्वासार्ह.

हा अहवाल घेऊन मेओर आनंदाने परतले. सार्जंट मात्र तो वाचून गंभीर झाले.

"काका, हे तुमच्यासाठी चांगलं नाही."

"का? डोळे चांगले आहेत."

"तेच. दिवा दिसत होता, तुमचे डोळे चांगले आहेत. म्हणजे तुम्हाला दिसला. दिसूनही तुम्ही गाडीपुढे गेलात. आता हे प्रकरण डोळ्यांचं राहिलं नाही, हेतूचं झालं. जाणूनबुजून वाहनास अडथळा. कोर्टात जावं लागेल."

त्या संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर मी होतो. माझी साक्ष मला घरी बसू देत नव्हती, म्हणून केळी घेऊन गेलो होतो. त्यांची मुलगी आइनी वडिलांच्या पायाशी बसली होती. निझाम दाराला टेकून उभा होता, सासऱ्याकडे न बघता.

"मी जाऊन खरं सांगतो," निझाम म्हणाला.

"सांग ना," आइनी म्हणाली. "खोटं प्रमाणपत्र घेतलं म्हणून तुझी नोकरी जाईल. बद्रुलसाहेबांची जाईल. लिओंगचं दुकान जाईल. मग गावातल्या सगळ्या गाड्या तपासतील." तिने माझ्याकडे पाहिलं. मी केळी सोलत होतो. "बाबा, दिसत नाही म्हणा ना. फक्त कागदावर."

"आइनी," मेओर म्हणाले, "सदतीस वर्षं दरसाल माझे डोळे तपासले गेले. एका वर्षी मला ताप होता तरी मी पास झालो. माझ्या हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवून माणसं डब्यात झोपत होती. आता म्हणू मी आंधळा?"

मग ते निझामकडे वळून म्हणाले, "उद्या गाडी दुकानासमोर आण. सार्जंटलाही बोलाव. खोटं मी बोलणार नाही. बघू काय होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या दुकानासमोर निम्मं गाव जमलं. निझामने गाडी आणून उभी केली, तोंड लोकांकडे. मेओर कुबड्यांवर होते, अंगात रेल्वेचा जुना शर्ट, इस्त्री केलेला.

"दिवा लाव," ते म्हणाले.

निझामने इंडिकेटर लावला. आतून टिकटिक ऐकू येत होती. समोरचा दिवा तव्यासारखा काळा होता.

सार्जंटांनी आम्हा पाचांना एकेक करून विचारलं. दिसतोय का? पहिला म्हणाला, दिसतोय. दुसरा म्हणाला, उन्हामुळे जरा फिका आहे, पण दिसतोय. मी त्या दिव्याकडे इतकं निरखून पाहिलं की डोळ्यांपुढे खरोखरच नारिंगी ठिपके आले, आणि मी जवळजवळ प्रामाणिकपणे म्हणालो, "दिसतोय."

"आणि काका, तुम्हाला?"

मेओरनी दिव्याकडे पाहिलं. मग गाडीत बसलेल्या जावयाकडे. निझामचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते. मग त्यांनी आइनीकडे पाहिलं. खरं काय ते एकच वाक्य होतं, आणि ते कुठल्या रकान्यात जाणार हेही त्यांना आता ठाऊक होतं.

"मला दिसत नाही," ते म्हणाले.

सार्जंटांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि लिहिलं, 'सदर इसमास नारिंगी रंग दिसत नसल्याचे त्याने साक्षीदारांसमक्ष स्वतः मान्य केले.' डॉक्टरचा अहवाल विसंगत ठरला म्हणून फाईलमध्ये मागे लावण्यात आला. मेओरनी सही केली. अक्षर सिग्नल रजिस्टरमधल्यासारखंच, एकेक वळण सुटं आणि स्वच्छ. निझामने गाडीतून उतरून त्यांचा हात हातात घेऊन कपाळाला लावला. मेओरनी तो सोडवून घेतला नाही.

प्रकरण मिटलं. महिन्याभरात टपालाने दाखला आला. वरील इसमाने दृष्टी शाबूत असलेल्या व्यक्तीच्या सोबतीशिवाय रस्ता ओलांडू नये. दृष्टी शाबूत असल्याचं सरकारी कागदावर नोंदलेले गावात पाचच जण होते. आम्ही वार वाटून घेतले. माझ्याकडे मंगळवार.

पहिल्या मंगळवारी मी त्यांचा हात धरून गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. डावीकडून गाडी येत होती, काळ्या दिव्यांची.

"मास्तर," त्यांनी विचारलं, "ती वळणार का सरळ जाणार? मला दिसत नाही. तुम्हीच बघा."

दिसत नाही असं मला म्हणता येत नव्हतं. साक्षीवर माझी सही होती. "वळणार," मी म्हणालो. आम्ही थांबलो. गाडी सरळ निघून गेली. पुढची आली. "ही सरळ जाईल," मी म्हणालो आणि पाऊल टाकलं. मेओरनी मला शर्टाला धरून मागे ओढलं. गाडी आमच्या पुढून, माझ्या चपलेला चाटत, गल्लीत वळली.

"बसू या का जरा?" ते म्हणाले. आम्ही दुकानात जाऊन बसलो. त्यांनी दोघांसाठी चहा सांगितला, आणि साक्षीचा विषय तेव्हाही काढला नाही, नंतरही नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

तुम्ही आतापर्यंत दोनतीनदा मनात म्हणाला असाल की मी तिथे असतो तर खरं सांगितलं असतं. शक्य आहे. आम्ही पाचही जण चहा पिताना अगदी हेच म्हणत होतो, सार्जंटांनी वही उघडून नावं विचारेपर्यंत.