सावंतकाकांच्या चार पिवळ्या रेघा

आमच्या बिल्डिंगमधल्या सावंतकाकांनी एकदा गणपती अडवला होता. विसर्जनाला बाप्पा निघालेले, ताशा तापलेला, आणि गेटच्या अलीकडे काका दोन्ही हात वर करून उभे. "थांबा! पाण्याचा टँकर आत येतोय. टँकर आधी, बाप्पा नंतर." मूर्ती सेक्रेटरी देसाईंच्या डोक्यावर होती, त्यांची मान अवघडली. पण बाप्पा थांबले. समोर चार पिवळ्या रेघा होत्या ना!

पार्किंगमधून गेटकडे जाताना लागणाऱ्या या रेघा काकांनी स्वतः रंगवलेल्या. दोन सलग, दोन तुटक. काका नोकरीभर विमानतळावर पिवळी जीप चालवत होते. उतरलेल्या विमानाच्या पुढे पुढे जायचं आणि त्याला त्याच्या जागेवर नेऊन उभं करायचं. तिथे धावपट्टीच्या तोंडाशी अशाच रेघा असतात. सलग बाजूने आलात तर परवानगीशिवाय ओलांडायच्या नाहीत. ओलांडल्या की ती घुसखोरी, मग विमानाची असो, जीपची असो नाहीतर कुत्र्याची. काका निवृत्त झाले, धावपट्टी तिकडेच राहिली आणि त्यांच्या वाट्याला आमचं अंधेरीतलं गेट आलं.

सकाळी आठला प्लास्टिकच्या खुर्चीत काका हजर. मी स्कूटर रेघेशी थांबवतो.

"खंय चल्लंस?"

"ऑफिसला. काका, जाऊ?"

"डावीकडून रिक्षा येतेय. ती गेली की जा. परत म्हण."

"रिक्षा गेली की जातो."

"हां. आता कसं!"

हे 'परत म्हण' म्हणजे त्यांचा गुरुमंत्र. नुसतं 'हो हो' म्हटलं की त्यांचं डोकं सणकतं. "हो काय, हो? हो हो म्हणणारेच घुसतात!" एका कुरियरवाल्याला त्यांनी तेच वाक्य तीनदा म्हणायला लावलं. चौथ्यांदा तो पार्सल काकांच्याच मांडीवर ठेवून पळाला.

बिल्डिंगच्या आराखड्यावर तर त्यांचा जुना राग. "पार्किंगमधून सरळ गेटावर? अरे, विमानं उभी असतात तिथून वाट थेट धावपट्टीला भिडवायची नसते. मध्ये वळण ठेवायचं. वळावं लागलं की माणूस जागा होतो." म्हणून त्यांनी वाटेत कोरफडीच्या तीन कुंड्या मांडून वळण तयार केलं. पहिल्याच दिवशी दूधवाला जागा झाला, पण कोरफडीत पडल्यावर.

मग सोसायटीने पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरवलं. रेघा आपोआप जाणार होत्या. त्या पुन्हा रंगवायच्या नाहीत, असा ठराव देसाईंनी मांडला. त्यांची मान अजून दुखत असावी. हे काकांना सांगायची कामगिरी माझ्याकडे आली, कारण कमिटीत मी सगळ्यात नवा, म्हणजे बळीचा बकरा.

त्यांच्या घरी गेलो तेव्हा मला वाटलं, काका चार नियम तोंडावर फेकतील, भांडतील. त्यांनी फक्त चहाखालचा गॅस बंद केला.

"मग लोक थांबणार खंय?"

"थांबायला कशाला पाहिजे काका? गेटला गोल आरसा लावतोय. दोन्ही बाजूंचं दिसेल."

"आरसो बरो," ते म्हणाले. "अपघात नाय होणार." मग चहा दोन कपांत ओतला. "तुझी काकी गेल्यापासून या घरात कोण बोलत नाय रे. खाली तुम्ही थांबता, काच खाली करता, 'काका, जाऊ?' विचारता. चार शब्द होतात. आरशात बघून तुम्ही सरळ निघून जाल."

लाज वाटली मला. इतकी वर्षं मी त्या रेघेवर घड्याळ बघत थांबत होतो.

ब्लॉक बसले. आरसाही लागला. सोमवारी सकाळी काका खुर्ची न टाकता भिंतीला टेकून उभे होते. आरशात रस्ता मोकळा दिसत होता. मी स्कूटर बंद केली आणि स्टँडला लावली.

"काका, जाऊ?"

त्यांनी रस्त्याकडे बघितलंच नाही. "थांब जरा," म्हणाले. "तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत आता?"

मी सांगायला लागलो. मागून देसाईंनी हॉर्न वाजवला. वाजवू दे.