दीपगृहापर्यंत बाईच चालवणार

गाडी फाटकाबाहेर काढून बाईंनी दुसरा गिअर टाकला, तेवढ्यात शेजारून पेन्सिलीची खरखर ऐकू आली.

"काय लिहिलंत?"

"दोन मार्क गेले. आरशात बघितलं नाहीस."

"बघितलं की."

"बघितलं असशील. पण मला कळेल असं नाही बघितलंस. मान हलली पाहिजे."

साहेब गेली सत्तावीस वर्षं परवाना कचेरीत गाडी चालवण्याच्या परीक्षा घेत होते. त्यांच्या हातून पहिल्या खेपेला पास झालेला माणूस कोणी पाहिलेला नव्हता. स्वतःच्या बायकोची परीक्षा घ्यायची नाही, असा कचेरीचा नियम होता. त्यामुळे बाईंची परीक्षा गेल्या महिन्यात दुसऱ्याच कोणीतरी घेतली आणि त्यांना पहिल्याच दिवशी पास करून टाकलं. हे साहेबांच्या जिव्हारी लागलं होतं. म्हणून आज, रविवारी, फिरायला निघताना ते पाण्याची बाटली विसरले. पण परीक्षेचं पॅड विसरले नाहीत.

बाई बालवर्गाला शिकवत. शुक्रवारी त्यांनी वर्गातल्या बावीस मुलांना सांगितलं होतं की, मी स्वतः गाडी चालवत समुद्रावरच्या दीपगृहापर्यंत जाणार आहे. मुलांचा विश्वास बसेना. गाडी काका चालवतात, बाई शेजारी बसतात, असं त्यांचं पक्कं मत होतं. शेवटी बाईंनी फोटो आणायचं कबूल केलं. मोठ्या माणसांना दिलेला शब्द एखाद्या वेळी विसरला जातो. पण चार वर्षांचं मूल सोमवारी सकाळी दप्तर ठेवायच्या आधी विचारतं.

साहेबांनी फाटकातच अटी घातल्या होत्या. एकूण शंभर मार्क. साठाच्या खाली गेले की स्टिअरिंग त्यांच्या हातात. त्यांनी पॅड समोर आपटलं की तिथल्या तिथे ब्रेक मारायचा. का म्हणून विचारायचं नाही, पुढे मूल आडवं आलंय असंच समजायचं. आणि पट्टा न लावता गाडी हलली, तर मार्क मोजायचेच नाहीत, थेट नापास. हा नियम लहानथोर सगळ्यांना सारखा. बाई रागाच्या भरात "कबूल" म्हणून बसल्या होत्या.

राग आला की दहापर्यंत मोजायचं, असं त्या मुलांना शिकवत. नदीवरच्या पुलापाशी पोचेपर्यंत त्यांचे असे दहा दहा करून दोनशे मोजून झाले होते. त्या पुलावरून खाली दिसणारी दरी बघायला लोक लांबून येत. साहेबांनी तिथे रस्त्याकडेला ठेवलेल्या दोन पिंपांच्या मधे गाडी उलटी लावायला सांगितली, पाच वेळा. बाईंना ती दरी जेवढी दिसली तेवढी मागच्या आरशात दिसली. ती बघण्यात गाडी पिंपाला घासली. चार मार्क.

पुढे नदीकाठी एक खाणावळ होती. तिथले तळलेले मासे खायचे, हे बाईंनी आठ दिवस आधी ठरवलेलं होतं. दारापुढे अकरा गाड्या उभ्या होत्या. साहेबांच्या मते अकराच्या अकरा चुकीच्या लावलेल्या होत्या. त्यांच्या मनासारखी जागा अर्ध्या किलोमीटरवर मिळाली. तिथून उन्हातून चालत दोघं परत आली, तेव्हा माशांची शेवटची थाळी बाईंच्या नाकासमोरून अकराव्या गाडीच्या मालकाकडे निघाली होती.

"बघा," बाई म्हणाल्या. "चुकीची गाडी लावणारा मासे खातोय."

"खाऊ दे. माझ्याकडे आला असता तर नापास झाला असता."

टोमॅटोचं सूप आणि पाव तेवढे उरले होते. तिथे बसून खायची बाईंची इच्छाच मेली. सूप झाकणाच्या डब्यात बांधून घेतलं, आणि मागे ठेवलं तर सांडेल म्हणून साहेबांनी डबा मांडीवर घेतला. पण साहेबही माणूसच होते आणि सकाळपासून उपाशी होते. दोन वळणं झाल्यावर त्यांनी हळूच झाकण काढलं. वासावर एक माशी आत आली. ती आधी डब्याच्या काठावर बसली, मग समोर काचेखाली जाऊन बसली. साहेबांनी पॅड उचललं आणि तिच्यावर आपटलं.

बाईंनी तिथल्या तिथे ब्रेक मारला. का म्हणून विचारलं नाही.

माशी उडून गेली. सूप साहेबांच्या कपाळापासून कमरेपर्यंत पसरलं. मागून येणारी पावाची व्हॅन वीतभर अंतरावर थांबली आणि पाववाला शिव्या देत खाली उतरला. त्याने खिडकीतून आत पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. दार उघडून त्याने साहेबांना उचललं, गवतावर आडवं केलं आणि पाव झाकायचा टॉवेल त्यांच्या डोक्यावर दाबून धरला.

"अहो, सूप आहे ते," साहेब टॉवेलाखालून ओरडत होते.

"डोक्याला मार बसला की असंच बडबडतात," पाववाल्याने बाईंना समजावलं. "तुम्ही धीर धरा, ताई. दवाखाना जवळच आहे."

बाई एका शब्दाने सांगू शकल्या असत्या. पण त्यांनी नुकतंच एकपासून मोजायला घेतलं होतं, आणि मधेच थांबायचं नाही हेही त्या मुलांना शिकवत. साहेबांना निम्मे व्हॅनमधे चढवून झाल्यावर त्या म्हणाल्या, "टोमॅटोचं आहे."

पाववाल्याने टॉवेल हुंगला. आधीच्यापेक्षा जास्त संतापला, टॉवेल घेतला आणि निघून गेला. सव्वातीन वाजले होते. दीपगृह चारला बंद होत असे.

"एकोणसाठ," गवतावर बसलेले साहेब म्हणाले.

"काय एकोणसाठ?"

"मार्क. साठाच्या खाली गेलीस."

बाईंनी पॅड बघितलं. कागद लालभडक झाला होता, एक आकडा दिसत नव्हता. साहेब म्हणाले, मला पाठ आहेत. पॅड तुम्हीच आपटलंत, असं बाईंनी दाखवून दिलं. त्यावर साहेब म्हणाले की ब्रेक उत्तम होता, त्याचे मार्क कापलेलेच नाहीत. मात्र त्याच्या आधी आरशात बघितलं नाही, त्याचे कापले.

शब्द म्हणजे शब्द. बाईंनी किल्ली दिली. शेजारी बसताना त्यांनी दार असं आपटलं, की दूरच्या झाडावरचे पक्षी उडाले.

साहेब नियमाप्रमाणे चालवत होते, म्हणजे सायकली पुढे जात होत्या. समोर टेकडीवर दीपगृह दिसू लागलं. पांढरं, उंच, अगदी मुलांनी चित्रात काढलं होतं तसं. बाईंच्या डोळ्यांपुढे सोमवारचे बावीस चेहरे उभे राहिले. काकांनीच चालवली ना? आता मोजून भागण्यासारखा राग उरला नव्हता. निदान ऐकवावं तरी, म्हणून त्या साहेबांकडे वळल्या, आणि बघतच राहिल्या. साहेबांचा पट्टा त्यांच्या खांद्यामागे जागच्या जागी लोंबत होता. कोरडा, स्वच्छ.

त्यांनी पॅड उचललं आणि समोर आपटलं.

सत्तावीस वर्षांचा नियम. साहेबांच्या पायाने ब्रेक दाबला.

बाई बालवर्गातल्या आवाजात, अगदी गोड बोलल्या. "आज आपण काय विसरलो बरं?"

साहेबांनी छातीकडे पाहिलं. "अगं, सुपाने पट्टा खराब झाला असता, म्हणून..."

"किती मार्क कापायचे?"

साहेब खिडकीबाहेर बघू लागले.

"मोठ्याने सांगायचं. मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं पाहिजे."

"थेट नापास," साहेब पुटपुटले.

दोघांनी जागा बदलल्या. बाईंनी पट्टा लावला, मान चांगली हलवून आरशात बघितलं. साहेबांनी क्लचबद्दल काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"हाताची घडी," बाई म्हणाल्या. "तोंडावर बोट."

दीपगृहाचा रखवालदार साखळी लावायच्या बेतात होता. पाच मिनिटं आहेत, वर जाऊन येईपर्यंत होणार नाही, असं तो म्हणाला. बाईंना वर जायचंच नव्हतं. त्यांनी त्याच्या हातात फोन दिला, आणि मागे दीपगृह येईल असा फोटो काढायला सांगितला.

सोमवारी तो फोटो बालवर्गात हातोहात फिरला. स्टिअरिंगवर बाई. शेजारी कपाळापासून कमरेपर्यंत लाल झालेले, हाताची घडी आणि तोंडावर बोट ठेवून बसलेले काका. बोट काढा, असं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. गाडी कोणी चालवली ते एकाही मुलाने विचारलं नाही. मग पहिल्या बाकावरच्या मुलीने लाल शर्टावर बोट ठेवलं.

"बाई, तुम्ही काकांना गाडीने उडवलंत?"

मुलांशी खोटं बोलायचं नाही, हा बाईंचा नियम होता. त्यांनी मनात दहापर्यंत मोजलं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "थोडक्यात वाचले."