भिकाजी वायरमनने कॉम्प्युटरात मोबाइल बसवला

ज्या वस्तूला तार असते ती भिकाजीचं ऐकते, हे पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर चहा पिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण भिकाजी ते रोज सांगायचा. वीज मंडळात तेहतीस वर्षं खांबावर काढलेला माणूस. शिवथरच्या खोऱ्यात भर आषाढात आडवी झालेली लाइन त्याने एकट्याने उभी केली होती, निदान सांगताना तरी एकट्याने. त्यामुळे एका सोमवारी त्याने जाहीर केलं, की येत्या रविवारी आपली बायको ललिता आपल्या नातीचं तोंड घरातल्या कॉम्प्युटरवर परातीएवढं बघणार, तेव्हा कोणी शंका काढली नाही. मान डोलावून सगळे पुन्हा चहाकडे वळले.

नात जर्मनीत होती. भिकाजीची एकुलती लेक प्रियदर्शिनी तिथल्या इस्पितळात नर्स होती. चार वर्षं झाली, येणं जमलं नव्हतं. जावई प्रितमही तिथेच, आणि नात, मैत्री, तिथेच जन्मलेली, सात महिन्यांची. दर रविवारी फोनवर चेहरे दिसायचे. भिकाजीला दिसायचे. ललिताच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार जडला होता. कुठेही बघितलं तरी नेमक्या मधल्या जागी धुरकट डाग. मोठी वस्तू त्या डागाच्या कडेने कळायची, बारीक वस्तू त्यात बुडून जायची. फोनएवढ्या काचेत सात महिन्यांचं पोर म्हणजे बुडालंच. तरी ललिता म्हणायची, "दिसली, दिसली. गोड हाय." भिकाजीनेही बरेच दिवस ते खरं मानलं. मग एका रविवारी पोरीला दूध पाजायला प्रिया उठून गेली आणि फोन उशीला टेकलेला राहिला. पाच मिनिटं पडद्यावर नुसती भिंत होती. ललिता त्या भिंतीकडे बघून म्हणत होती, "बघा, हसतेय कशी."

भिकाजी उठला. त्याने कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं.

प्रिया कॉलेजात असताना घेतलेला तो कॉम्प्युटर. चालू व्हायचा, पण फोन लावायचं अॅप त्याला चालेना. म्हातारा झालास, असं इंग्रजीत तोंडावर सांगायचं. घरातला टीव्ही तर त्याच्याही आधीचा, डबा. महाडला राजेंद्रचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. राजेंद्र म्हणाला, की काही हुशार लोकांनी मोबाइलची सिस्टीम घेऊन तिच्यात फेरफार केलेत, ती कॉम्प्युटरवर बसते. अंग कॉम्प्युटरचं, जीव मोबाइलचा. मग मोबाइलमधली सगळी अॅप त्यात चालतात. त्याने एक छोटा कॅमेरा दिला आणि ती फाइल नेटवरून कुठून घ्यायची तेही लिहून दिलं. बसवायला मी येऊ का, असंही विचारलं. भिकाजीला हे फार लागलं. तार आहे ना, मग झालं, असं म्हणून तो एसटीत बसला.

फाइल उतरायला मंगळवार गेला. बुधवारी भिकाजीने ती पेनड्राइव्हमध्ये ठेवली आणि पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर चालू केला. कॉम्प्युटर रोजच्यासारखा चालू झाला. भिकाजीने पेनड्राइव्ह उलटा लावला, तो शिरेना. सुलटा लावला, पुसून लावला, फुंकर मारून लावला. शेवटी पुन्हा महाड. राजेंद्रने हसू दाबलं आणि सांगितलं, की ती फाइल पेनड्राइव्हमध्ये नुसती ठेवायची नसते, तिची रीतसर स्थापना करावी लागते. आणा, मी करून देतो. तेवढं भिकाजीने करू दिलं.

गुरुवारी पडदा काळा झाला, त्यावर पांढरी अक्षरं धावली, मग मधोमध त्या सिस्टीमचं नाव उजळलं. उजळायचं, विझायचं, पुन्हा उजळायचं. ललिता खाटेवर बसून होती. थोड्या थोड्या वेळाने विचारायची, "आली का?" भिकाजी म्हणायचा, "निघालेय." सकाळचे अकरा वाजले, दुपारचा एक वाजला. प्रिया जर्मनीहून पायी निघाली असती तरी आंबेनळी घाटापर्यंत आली असती.

राजेंद्रला फोन केला. तो म्हणाला, सुरुवातीच्या यादीवर थांबा, ई दाबा, आणि ओळीच्या शेवटी एक शब्द जोडा, म्हणजे पडदा अडणार नाही. शब्द इंग्रजी. भिकाजीला ऐकू कमी, त्यात राजेंद्रच्या दुकानासमोर टमटमवाल्यांचं भांडण जुंपलेलं. राजेंद्र एकेक अक्षर सांगू लागला, एन नारळातला, ओ ओढ्यातला, एम म्हशीतला. भिकाजीने सगळं कागदावर उतरवलं आणि चार वेळा टाइप केलं. चारही वेळा ते नाव उजळत विझत राहिलं. पाचव्या वेळी खाटेवरून ललिता म्हणाली, "अवो, म्हशीच्या पुढं ओढा हाय, मग डी. तुमचा ओढा कुठं गेला?"

तिने एकदाच ऐकलं होतं, तेही फोनमधून, लांबून. सगळा शब्द तिने घडाघडा म्हणून दाखवला. दिसेनासं झाल्यापासून तिच्या कानातून काही सुटत नसे. भिकाजीने ओढा जागेवर घातला आणि कॉम्प्युटरवर मोबाइल उगवला. घड्याळ, चित्रं, सगळं तसंच, फक्त परातीएवढं. ललिताने पुढे होऊन काचेला हात लावला आणि कडेने बघत म्हणाली, "निळं हाय ना?" निळं होतं.

पण कॉम्प्युटर बंद करून चालू केला की तो सगळं विसरायचा. राजेंद्र म्हणाला, पेनड्राइव्हवर चालतंय म्हणून तसं होतं, कायमचं आतल्या डिस्कवर बसवा. शनिवारी भिकाजी बसवायला बसला. कॉम्प्युटरने विचारलं, डिस्क पुसू का? भिकाजीने मनात म्हटलं, पूस बाबा, बरीच धूळ असेल. त्याने हो दाबलं.

पडद्यावरची कामाची पट्टी भरत आली तेव्हा त्याला आठवलं.

प्रियाचे सगळे फोटो त्या डिस्कवर होते. शाळेतले, नर्सिंग कॉलेजातले, लग्नातले, विमानतळावरचे. दुसरीकडे कुठेच नव्हते. भिकाजीने वायर ओढून काढली. पण खांबावरच्या माणसाला कळतं, अंगातून करंट गेल्यावर स्विच बंद करण्यात अर्थ नसतो. त्याने वायर पुन्हा लावली, राहिलेलं काम पुरं केलं आणि जेवायचं नाही म्हणून सांगितलं.

रविवारी सकाळी त्याने ललिताला सांगितलं. तांदूळ निवडता निवडता तिचा हात थांबला. ती हाताच्या अंदाजानेच निवडायची.

"तीन वर्सं झाली, मला कुठं दिसत व्हते ते?" ती म्हणाली. "तुम्ही सांगायचात, म्हणून व्हते."

मग सूप बाजूला ठेवून तिनेच सुरू केलं. पहिला, दोन वेण्यांचा, एक रिबीन सुटलेली. मग पाचाडचा, सहलीतला, हातात काकडी. मग नर्सच्या टोपीचा, टोपी वाकडी आणि चेहऱ्यावर लई मोठेपणा. भिकाजीने गेली तीन वर्षं ज्या क्रमाने वाचून दाखवले होते त्याच क्रमाने ती एकेक फोटो काढून त्याच्यापुढे ठेवत गेली. विमानतळापाशी आल्यावर तिने सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

दुपारी दीड वाजता फोन लावला. प्रिया लागली, मोठी लागली, खणखणीत आवाजात "जयभीम, बाबा" म्हणाली, आणि ती आडवी होती.

अॅप मोबाइलचं. मोबाइल उभा असतो, म्हणून त्याने आल्या आल्या सगळं चित्र कुशीवर पाडलं होतं. प्रियालाही आईबाबा भिंतीवरच्या पालींसारखे आडवे दिसत होते. भिकाजी म्हणाला, त्यात काय, आणि मॉनिटर उचलून आडवा ठेवला. मॉनिटर विझला. सरळ केला, पेटला. मागची पिन ढिली होती. आयुष्यभर तारा सांभाळलेल्या माणसाला एका तारेने असं सगळ्यांसमोर पाडलं. मग प्रियाने तिचा फोन आडवा करून बघितला, तर चित्र आडवंच राहिलं, शिवाय चिंचोळं झालं. प्रितमने मागून सुचवलं, बाबा, तुम्हीच वाकडे व्हा. भिकाजी वाकडा झाला. मान खांद्याला टेकवून तो लेकीशी बोलायला लागला, आणि एका हाताने राजेंद्रचा नंबर लावू लागला. राजेंद्र म्हणाला, त्याला वेगळं अॅप टाकावं लागतं, बघून सांगतो.

हे चाललं असताना ललिता उठली. तिने मॉनिटरचं स्टूल ओढून खाटेला लावलं, उशी घेतली आणि पडद्याकडे तोंड करून कुशीवर झोपली. प्रियाचं डोकं ज्या बाजूला, त्याच बाजूला आपलं डोकं. काचेपासून वीतभर.

 पलीकडून प्रिया म्हणाली, "आई, आता तू सरळ दिसतेस."

ललिता डोळे इकडेतिकडे फिरवत त्या डागाच्या कडेने बघत होती. कपाळ बघितलं, मग नाक, मग हनुवटी. शेताच्या बांधाची मेर चालावी तसं सावकाश. बराच वेळ गेला. भिकाजीला वाटलं, आता म्हणेल, दिसली, गोड हाय.

"डोळ्याखाली काळं झालंय गो," ललिता म्हणाली. "झोपत नायस."

चार वर्षं दर रविवारी प्रिया सांगत आली होती, की सगळं मजेत आहे.  आता मात्र सांगू लागली, की सकाळीच रात्रपाळी करून आलेय, मैत्री दिवसा झोपू देत नाही, प्रितमची पाळी उलटी. सांगता सांगता रडली थोडी. मग तीही आडवी झाली, फोन तसाच तोंडासमोर धरून, पोरीला कुशीत घेऊन. ललिता हळू आवाजात काहीबाही विचारत राहिली, मीठ कुठलं मिळतं, पाणी तापवायला काय हाय. उत्तरं लांबत गेली आणि थांबली. प्रियाला झोप लागली होती. प्रितमने हलकेच फोन घेऊन उशीला टेकवला आणि तो बाजूला झाला.

तेवढ्यात राजेंद्रचा फोन आला. चित्र सरळ करायचं अॅप सापडलं होतं, दोन मिनिटांचं काम. भिकाजी दारात जाऊन कुजबुजला, "राहू दे रे. पोरगी झोपलेय."

आत आला तर ललितानेही डोळे मिटले होते. मायलेकी वीतभर अंतरावर, तोंडासमोर तोंड करून. मैत्री मात्र टक्क जागी होती. ती भिकाजीकडे बघत होती. भिकाजी मान खांद्यावर टाकून तिच्यापुढे उभा राहिला. तिने तोंड उघडलं, दोन दात दाखवले आणि हसली. भिकाजीने आणखी मान वाकवली, जीभ काढली. ती खिदळली.

"तिला हसवू नका," ललिता डोळे न उघडता म्हणाली. "प्रिया उठंल."

भिकाजीने जीभ आत घेतली. मान मात्र तशीच ठेवली.