गफूरचाचांचं समाधान

आमच्या धरणावर सरकारी मोटरबोट सुरू झाली त्या दिवशी नावेला झेंडूच्या माळा होत्या, पेढे होते, साहेबांचं भाषण होतं. पहिल्या फेरीत गफूरचाचा बसले, पलीकडे उतरले, आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत असताना म्हणाले, "आपली तक्रार आहे. नाव लय अल्लाद चालते. झोप लागते माणसाले. उतरायचं ध्यान राहणार नाही."

पेढाही त्यांना जास्त गोड लागला. दुसरा उचलून त्यांनी खात्री करून घेतली.

त्या नावेवर तिकीट देणारी मी. वंदना माझं नाव, राहणार तांड्यावर, बी.ए. झालेली, आणि तोंडानं फटकळ. तांड्यावर कोणालाही विचारा. नाव चालवतात देवराव मामा, जे दिवसभरात चार शब्द बोलतात आणि त्यातले दोन इंजिनाला असतात. म्हणजे चाचांच्या तक्रारी झेलायला उरले कोण? मी!

धरण झालं तेव्हा आमचा जुना रस्ता पाण्याखाली गेला. आता पलीकडच्या फाट्यावर गेलं तरच घाटंजीची जीप मिळते. बाजार तिकडे, पोरींचं कॉलेज तिकडे, दवाखाना तिकडे. नाव नसली तर धरणाला वळसा घालून जाण्यात अर्धा दिवस मोडतो. नाव चालते जिल्ह्याच्या पैशावर, म्हणून तिकीट स्वस्त, आणि म्हणून साहेब लोकांची नजरही तिच्यावर. गावात सगळ्यांना कार्डं वाटली आहेत. कार्ड माझ्या मशीनला टेकवलं की पैसे कापले जातात, आणि कोण कधी चढलं ते तिकडे यवतमाळच्या ऑफिसात बसल्या जागी दिसतं.

कार्ड टेकवलं की मशीनमधली बाई 'धन्यवाद' म्हणते. चाचांनी ते पहिल्यांदा ऐकलं आणि मशीनकडे असं पाहिलं, जसं कोणी त्यांचा खिसा कापला. "हे कायचं धन्यवाद वं? आधी पोचव तर. मंग म्हण."

म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट आहे. दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. चाचा तसेच उभे. "वंदना बेटा, मी म्हातारा हाय हे या मशीनले कोणं सांगतलं?"

"चाचा, तुमच्या आधार कार्डावर जन्मतारीख आहे ना."

"असंन. पण एकडाव चेहरा पाहून तरी विचारायचं!"

तर असे आमचे चाचा. पाण्याच्या मोटरी दुरुस्त करतात. घर गावात, दुकान फाट्यावर. आजूबाजूच्या विहिरींवरची एक मोटर अशी नसेल जिला त्यांचा हात लागला नाही, आणि एक मालक असा नसेल ज्यानं मोटर घेऊन जाताना बोलणी खाल्ली नाहीत. "मोटर होती का भाकरीचा तवा? अशी जाळते काय कोणी?" लोक ऐकून घेतात. मोटर चालते, मग काय बिघडतं.

लग्न त्यांचं झालं नाही. तरुणपणी दारव्ह्यापासून मारेगावपर्यंत रिश्ते पाहिले म्हणतात. एकीचा आवाज बारीक निघाला, एकीच्या घरचा चहा पातळ होता, एकीच्या भावाची मोटारसायकल धूर सोडत होती.

"भावाच्या मोटारसायकलीचा काय संबंध, चाचा?"

"ज्या घरात गाडीची कदर नाही, तिथं जावयाची काय असंन?"

"मंग? पुढं काय झालं?"

"पुढं काय! रिश्ते आणणारेच एकेक करून मरून गेले," चाचा म्हणाले, आणि लगेच, "हे बाक कोणं सरकवलं इथलं? आपली तक्रार आहे."

आता फोनचं सांगते. आमच्या गावात फोन लागत नाही. फाट्यावर पण लागत नाही. रेंज येते ती फक्त धरणाच्या मधोमध. नाव मधात आली की माझं मशीन यवतमाळला हिशेब पाठवतं, सगळ्यांचे फोन एकदम वाजतात आणि जो तो घसा ताणून बोलतो. कोणाच्या पोरीला दिवस गेले, कोणाचं सोयाबीन काय भावानं गेलं, मला घरबसल्या, म्हणजे नावबसल्या, सगळं समजतं.

कार्डाच्या मागे तक्रारीचा नंबर छापला आहे. गावात तो कोणी वाचला नव्हता. चाचांनी वाचला. पहिली तक्रार त्यांनी माझ्यासमोर, माझीच केली. काय, तर तिकिटावरची पोरगी गिऱ्हाइकाशी भांडते! तक्रार नोंदली की ऑफिसातली एक मुलगी काही दिवसांनी फोन करते आणि विचारते, समाधान झालं का? हो म्हटलं की तक्रार बंद. नाही म्हटलं की ती उघडी राहते आणि मुलगी पुन्हा फोन करते. चाचांनी तिला सांगून ठेवलं होतं, दोनच्या फेरीत लावत जा, तेव्हा मी पाण्याच्या मधात असतो.

दोनच्या फेरीत चाचांना काडीचं काम नसतं. दुकान उघडं टाकून नावेत बसायचं, इकडे यायचं, त्याच नावेनं परत जायचं. जेवायला म्हणावं तर डबा दुकानातच. बसायचे एकदम पुढे, टोकाला, पाठ आमच्याकडे. मागे इंजिनाचा एवढा गोंगाट, की फोनवरचं काही ऐकू येत नसे. मधूनच त्यांचा आवाज तेवढा चढायचा, "नाही! समाधान नाही झालं!" मी मामांना म्हणायची, काही लोकांना तंबाखूचं व्यसन असतं, यांना हे आहे.

एकदा तर कहरच झाला. भर पाण्यात इंजिन बंद पडलं. बाया घाबरल्या, एकीनं देवाला नारळ कबूल केला. चाचांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, इंजिनाजवळ उकिडवे बसले, मामांना दोन शिव्या दिल्या, कंपनीला चार दिल्या, आणि इंजिन सुरू करून दिलं. पैसे विचारले तर माझ्यावरच खेकसले. दुसऱ्या दिवशी दोनच्या फेरीत फोनवर तक्रार: इंजिनाचं काम मिस्त्रीनं बराबर केलं नाही.

"अवो चाचा, मिस्त्री तर तुमीच होते!"

"म्हणून तर मले मालूम आहे."

आम्ही पोट धरून हसलो. पण हे हसणं फार दिवस टिकलं नाही.

एक दिवस यवतमाळहून साहेब आले. हातात टॅब. त्यात जिल्ह्यातल्या सगळ्या नावा एकाखाली एक, आणि आमची लाल रंगात. साहेब माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. "बाई, तुमच्या नावेवर एवढ्या तक्रारी उघड्या आहेत. या महिन्याअखेर एक जरी राहिली, तरी पुढचं अनुदान येणार नाही. मग नाव बंद."

"साहेब, त्या सगळ्या एकाच माणसाच्या आहेत हो!"

"सिस्टीममध्ये माणूस दिसत नाही, बाई. तक्रार दिसते."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. कॉलेजच्या पोरी रडकुंडीला आल्या. माझी नोकरी जाणार म्हणून माझ्या आईनं चाचांच्या नावानं बोटं मोडली. देवराव मामांनी तर चाचांचा सलाम घेणंच सोडलं. चाचा 'सलाम देवराव' म्हणायचे, आणि मामा पाण्याकडे पाहायचे.

मी सुटीच्या वेळात तणतणत दुकानात गेले. चाचा मोटर उघडून बसले होते.

"काहून अशी दुश्मनी करून राह्यले चाचा आमच्याशी?"

"दुश्मनी?" ते खरोखर चकित झाले. "तक्रार म्हणजे दुश्मनी असते काय? जे आपलं असते, त्याचीच माणूस तक्रार करते. परायाची नाव बुडाली का तरली, मले काय घेणं?"

"मंग ती बुडायची पाळी आली आहे. त्या पोरीचा फोन आला की सांगा, समाधान झालं. सगळ्या तक्रारी बंद करा."

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "सगळ्या?"

"सगळ्या."

"एक ठेवली तर? लहानशी?"

मला असा राग आला म्हणता! "एक पण नाही! चाचा, गावाच्या पायात दगड बांधायचा आहे का तुमाले?"

"नाही, नाही," ते म्हणाले. "बराबर आहे तुहं. करतो मी."

दुसऱ्या दिवशी दोनच्या फेरीत ते आले. धुतलेला शर्ट, केस बसवलेले. टोकाला जाऊन बसले. बाजाराचा दिवस होता, नाव भरलेली होती, पण त्यांच्याजवळ कोणी बसलं नाही. मधात आलो आणि फोन वाजला. मी मुद्दाम उठून जवळ जाऊन उभी राहिले. म्हटलं, पाहू तरी, आज काय म्हणतात.

रेंज फार वेळ राहत नाही, नाव पुढे सरकली की फोन कटतो. मामांनी एकदा चाचांकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. भर पाण्यात नाव उभी राहिली. एकदम सगळं शांत झालं, आणि फोनमधला बारीकसा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला.

"चाचा, परवा फोन लागला नाही तुमचा. बरे आहात ना?"

"हाव, बरा हाय."

"गुडघ्याला तेल लावलं का मी सांगितलेलं?"

"लावलं. बराबर नाही ते तेल."

ती हसली. "उतरला ना पण ठणका?"

"उतरला थोडा. तुह्या परीक्षेचं काय?"

"पुढच्या आठवड्यात आहे. तुम्ही म्हणाले तसं पहाटे उठून वाचते."

मी मशीन हातात धरून उभी. म्हणजे हे होतं! नाव लवकर येते, नाव उशिरा येते, बाक टोचते, इंजिन वाजते, त्या सगळ्याच्या आत एवढंसं हे होतं. वाटलं, पुढे होऊन फोन हिसकावून घ्यावा आणि सांगावं, नको पोरी, नको बंद करू.

"बोला चाचा, आज कोणती तक्रार पाहायची?"

"सगळ्या बंद कर."

"काय झालं चाचा? कोणी काही बोललं का?"

"कोणी नाही बोललं. समाधान झालं."

"सगळ्यांचं?"

"हाव. नाव चांगली आहे. चालवणारा चांगला आहे. तिकिटावरची पोट्टी भांडते, पण चांगली आहे."

मामांनी मान खाली घातली. मी पदर तोंडाला लावला.

"चाचा," ती म्हणाली, "तक्रार उघडी असली तरच तुमचा नंबर माझ्यासमोर येतो. आता मला फोन करता येणार नाही."

"मालूम आहे बेटा. लिही तू."

बटणं दाबल्याचा आवाज येत राहिला. एक झाली की दुसरी. बाजार करून परतणाऱ्या बाया टोपल्या मांडीवर घेऊन ऐकत होत्या.

"झालं, चाचा," ती म्हणाली. मग ते ऑफिसचं वाक्य, जे तिला म्हणावंच लागत असेल, ते म्हणाली, पण अडखळत, "आणखी काही मदत हवी आहे का?"

"नाही. तू जेवली काय?"

"नाही अजून."

"दोन वाजून गेले वं. जेव आधी. मी ठेवतो."

म्हणाले, पण ठेवला नाही. तिनंही ठेवला नाही. चाचा फोन कानाला लावून पाण्याकडे पाहत बसले. मामांनी इंजिन सुरू केलं नाही, आणि मीही त्यांना चला म्हटलं नाही.