बाबांविरुद्धची तक्रार

बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा मी लहान बाळांच्या खोलीत ठेवतात तसली, आवाज पोचवणाऱ्या डब्यांची जोडी आणली. एक डबी बाबांच्या उशाशी, दुसरी स्वयंपाकघरात ओट्यावर. ते खोकले की मला ऐकू यायचं. मी बटण दाबून "आले हं बाबा" म्हणायचे आणि जायचे. बाबा गेल्यावर कळलं, की त्यांच्या खोलीतला सगळा आवाज डब्यांच्या कंपनीकडे साठलेला आहे आणि महिनाअखेर पुसला जाणार आहे. मी तो मागितला. कंपनीने कळवलं, हे बोलणं चोरून ऐकलेलं नाही असा पोलिसांचा दाखला आणा.

चौकीतले साहेब सज्जन होते. त्यांनी चष्मा लावून कायद्याचं पुस्तक उघडलं.

"बाबा कोणाशी बोलत होते?"

"खोलीत एकटेच असायचे."

"मग ते संभाषण नव्हे. जे संभाषणच नाही, ते चोरून ऐकलं नाही असा दाखला कसा देऊ?"

"आईशी बोलत असतील. ती गेल्यापासून बोलायचे अधूनमधून."

साहेबांचा चेहरा खुलला. "मग आहे की संभाषण! आता आईंची संमती. त्या नाहीत म्हणजे ती वारसाने द्यायची. वारस कोण?"

"मी."

"आणि ऐकणारी?"

"मीच."

"बघा, आली का पंचाईत!" ते मनापासून हळहळले. "आरोपीने स्वतःलाच परवानगी दिली, तर मी वर काय तोंड दाखवू?"

तोडगा कारकून बाईंनी काढला. बोलणं खाजगी आहे की नाही हे ठरवायचं, तर आधी ते ऐकायला हवं. आवाज मागवण्यात आला. ऐकायला साहेब बसले, बाई बसल्या, शिपाई बसला, आणि सायकल हरवल्याची तक्रार द्यायला आलेले एक गृहस्थ निःपक्षपाती नागरिक म्हणून बसले. मला तेवढं बाहेर काढलं, कारण बाबांच्या खाजगीपणाला धोका होता तो माझ्याकडून.

मी बंद दाराला कान लावला. शिपायाने पकडलं.

"ताई, हे बरं नव्हे. उपकरण लावून ऐकणं गुन्हा आहे."

"दादा, नुसता कान आहे हो हा."

साहेबांनी व्याख्या तपासली. कान उपकरण नव्हता. पण ज्यातून आवाज पोचला ती वस्तू उपकरण होती. दार जप्त झालं. रीतसर पंचनामा करून ते बिजागऱ्यांसकट उतरवलं आणि सील ठोकून भिंतीला टेकवलं. आता चौकटीत दार नव्हतं, आणि बाहेरचा व्हरांडा सार्वजनिक जागा असल्याने तिथे उभं राहून ऐकायला कायद्याची हरकत नव्हती.

बाबा आईला सांगत होते, "अगं, ती नळ सोडून रडते. तिला वाटतं, डबीतून आवाज एकाच बाजूने जातो. बटण दाबलेलंच ठेवते, वेंधळी. मग मी खोकतो. खोकलो की डोळे पुसून येते, बसते जरा माझ्यापाशी. खोकला काही एवढा नाहीये गं मला."

मी त्यांना रोज खोकल्याचं औषध पाजत होते. कडूजहर. त्यांनी एकदाही नको म्हटलं नाही.

सायकलवाल्या गृहस्थांनी नाक शिंकरलं. साहेब उठून उभे राहिले.

"म्हणजे चोरून ऐकणाऱ्या तुम्ही नाहीच! मुख्य आरोपी बाबा."

"पण साहेब, रडणं हे संभाषण धरायचं का?" बाईंनी विचारलं.

"नळ सोडला होता ना? कोणी ऐकू नये हा हेतू त्यातच आला." मग ते माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही तक्रार दिलीत, तर हा आवाज पुरावा म्हणून जपावा लागेल. नाही दिलीत, तर पुसला जाईल. बघा, जबरदस्ती नाही."

मी बाबांविरुद्ध तक्रार दिली.

खटला उभा आहे. आरोपी गैरहजर असल्यामुळे दर वेळी पुढची तारीख पडते. त्याआधी पुरावा शाबूत असल्याची खात्री म्हणून तो भर कोर्टात ऐकवतात. मी पुढच्या बाकावर बसते. न्याय झटपट मिळावा म्हणणाऱ्या लोकांचा मला अलीकडे राग येतो.

मागच्या तारखेला वकिलांनी विचारलं, की दार उतरवलं तेव्हा व्हरांड्यात माझ्यासोबत आणखी कोण उभं होतं? नवराबायकोचं ते बोलणं, दोघांपैकी कोणाचीही परवानगी नसताना, शेवटच्या शब्दापर्यंत कोणी ऐकलं?

मी आठवत नाही म्हणाले. ही गोष्ट इथवर ऐकणाऱ्या तुमचं नाव मी अजून घेतलेलं नाही.