समोरच्या बाजूला देवस्थळी

रविवार, नोव्हेंबरचा पहिला आठवडा, दुपारचे चार. स्थळ: जर्मनीतलं ब्योब्लिंगेन, आमचं जेवणाचं टेबल. हजर: मी, माझा नवरा सतीश, वरच्या मजल्यावरचे देवस्थळी. अर्धी हजर: आमची मुलगी सई, सोफ्यावर, एका कानात हेडफोन. विषय एकच: देवस्थळींची सतीशकडे एक विनंती. ती काय आहे हे आधी सांगायला त्यांनी नकार दिला होता. "जिन्यात बोलण्यासारखं नाही, वहिनी," एवढंच म्हणाले. मला तेव्हाच संशय आला.

पण आधी देवस्थळी कोण ते सांगते.

देवस्थळी कुठल्याही गोष्टीला 'होईल' किंवा 'नाही होणार' म्हणत नाहीत. भाव सांगतात. "आज एस-बान लोकल वेळेवर येईल का हो?" "एकतीस." "सतीशला बढती मिळेल?" "पंचावन्न. काल साठ होता." सईच्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेला त्यांनी अठ्ठेचाळीस भाव दिला. ती पास झाली, पण त्यांच्याशी अजून धड बोलत नाही.

ही सवय त्यांना बास्केटबॉलने लावली. अमेरिकेत असे बाजार निघालेत, जिथे एखाद्या सामन्यावर 'हो' किंवा 'नाही' विकत घेता येतं. संघ जिंकेल असं वाटलं तर 'हो' घ्यायचं. भाव बासष्ट सेंट असेल तर बाजाराच्या मते जिंकायची शक्यता शंभरात बासष्ट. जिंकला तर 'हो'वाल्याला पूर्ण डॉलर, हरला तर शून्य. तिथे काही जण याला शेअर बाजाराचा धाकटा भाऊ मानतात, तर काही राज्यं सरळ सट्टा म्हणतात आणि कोर्टात भांडतात. जर्मनीत त्याला परवानाच नाही, त्यामुळे इथून ते दार उघडत नाही. फक्त काचेतून भाव दिसतात. देवस्थळी दिवसभर त्या काचेला नाक लावून असतात.

निदान ते तसं सांगतात. माझा विश्वास नव्हता. दिवाळीच्या फराळाला हातात चकली धरून हा माणूस पुटपुटतो, "चौथ्या क्वार्टरला भाव कोसळला." ज्याचं काहीच गुंतलेलं नाही, त्याच्या हातातली चकली मोडते का? त्या दिवशी मोडली होती.

मी सरळ विचारलं, "भाऊजी, तुम्ही चोरून खेळता ना?"

"मी बघतो."

"नुसतं?"

"इथून परवानगी नाही, वहिनी."

इथल्या मराठी मंडळातल्या एका आयटीवाल्याने त्यांना व्हीपीएन सुचवलं. फोन अमेरिकेत आहे असं दाखवायचं आणि आत शिरायचं. देवस्थळी म्हणाले, "म्हणजे खोटी दाढी लावून बँकेत जायचं. आणि ज्याने दाढी विकली त्याच्यावर विश्वास ठेवायचा?" त्याऐवजी त्यांनी सरकारी कचेरीला, म्हणजे इथल्या आम्टाला, रीतसर ईमेल लिहिला, मी अमुक इथे राहतो, मला अमुक करता येईल का. उत्तर आलं की आम्ही वैयक्तिक कायदेशीर सल्ला देत नाही. देवस्थळींना त्या उत्तराचाच संशय. "दोन दिवसांत उत्तर? जर्मन आम्टातून?"

त्यांची सगळी नोकरी गाड्यांचे ब्रेक तपासण्यात गेली. दिवसभर 'हे फेल कसं होईल' एवढाच विचार करणाऱ्या माणसाला संध्याकाळी दुसरा विचार कोण शिकवणार? आमच्या इमारतीत केहरवोखे कडक. ज्याच्या दाराला पाटी लागते, त्याने त्या आठवड्यात जिना झाडून पुसायचा. तळमजल्यावरच्या फ्राउ केलर खरंच पुसतात का हे पाहायला देवस्थळी पायरीच्या कोपऱ्यात मोहरीचा एक दाणा ठेवतात. एकदा दाणा दिसला नाही. "बघा, पुसलंय," मी म्हटलं. "किंवा त्यांना दाणा सापडलाय," ते म्हणाले, आणि पुढच्या वेळी दोन ठेवले.

याला हसता येतं. एका गोष्टीला येत नाही, आणि तीही सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

त्यांचा मुलगा नीरज इथल्या क्लबात बास्केटबॉल खेळायचा. शाळेच्या शेवटच्या वर्षी अंतिम सामना होता. आम्ही सगळे हॉलमध्ये होतो; नीरजची आई तेव्हा होती, तिने सगळ्यांसाठी सँडविचेस आणली होती. शेवटच्या क्षणी नीरजला फ्री थ्रो मिळाला, म्हणजे कुणीही न अडवता रिंगमध्ये टाकायचा चेंडू. घरामागच्या रिंगवर तो डोळे मिटून टाकायचा असा. चेंडू रिंगच्या कडेला लागून बाहेर गेला, सामना गेला. मुलं मान खाली घालून बाकावर बसली होती. देवस्थळी तिथे गेले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मुद्दाम चुकवलास का?"

रागाने नाही. ब्रेकला विचारावं तसं, कारण शोधायला.

नीरजने पिशवी उचलली आणि तो हॉलबाहेर पडला. पुढे शिकायला अमेरिकेला गेला, तिथेच नोकरीला लागला. आई गेली तेव्हा येऊन गेला. आता बापलेकांत वाढदिवसाला एक मेसेज जातो, एक येतो.

तर रविवार. देवस्थळींनी चहा घेतला, कपाच्या आत एकदा पाहिलं आणि म्हणाले, "आल्झो, तर मग. सतीश, तू पुढच्या आठवड्यात अमेरिकेत डेन्व्हरला चाललास, सहा महिने. तिथला पत्ता असेल, बँकेत खातं असेल."

"असेल."

"त्या बाजारात तुझ्या नावाने एक खातं उघड. पैसे माझे. काय घ्यायचं ते मी इथून सांगेन."

सोफ्यावरून आवाज आला, "दास इस्ट डॉख इलेगाल, काका." सई मराठी सगळं समजते, बोलते जर्मनमध्ये. कायद्याच्या बाबतीत तर नेहमीच.

सतीश भिडस्त आहे. त्याचं "बघू या" ओठांवर आलेलं मला दिसलं, म्हणून मी मध्ये पडले. "अहो, तुम्ही थांबा. भाऊजी, त्या बाजाराच्या अटी कुठे आहेत?"

देवस्थळींनी खिशातून घडी केलेले छापील कागद काढले. मी चष्मा लावून वाचायला बसले. मला जे हवं होतं ते शोधावंही लागलं नाही. खातं फक्त स्वतःसाठी वापरायचं, दुसऱ्याच्या वतीने नाही, हे वाक्य पिवळ्या पेनाने रंगवलेलं होतं.

"हे कुणी रंगवलं?"

"मीच."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"वाटलं, तुम्ही नीट वाचता. माझं काही चुकलं असेल."

स्वतःचं चुकलेलं असावं असं या माणसाला वाटताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"पण एवढं अडलंय कशासाठी?" सतीश म्हणाला. "पैसा तर तुम्हाला कमी नाही."

देवस्थळींनी कागदांची पुन्हा घडी घातली. "नीरज तिथे घेतो. त्याच्या मावशीला बोलता बोलता म्हणाला. डेन्व्हरच्या संघावर नेहमी 'हो' घेतो, तिथेच राहतो ना." घडी खिशात ठेवून म्हणाले, "त्याला 'हो' मिळायला कुणालातरी 'नाही' घ्यावं लागतं. तो जिंकला की ते कुणीतरी हरतं. मग ते मी असलो तर काय बिघडलं?"

"पण समोर कोण आहे ते तिथे कळतच नाही," सतीश म्हणाला. " हजारो लोक असतील."

"नाही कळत."

"मग तुमचं 'नाही' त्याच्याच 'हो'समोर जाईल याचा भाव काय?" हे मी विचारलं, आणि विचारल्यावर वाटलं, गप्प बसले असते तर बरं.

"काढता येत नाही, इतका कमी," ते म्हणाले. "पण शून्य नाही."

सईने त्या एका कानातलाही हेडफोन काढला होता.

खात्याला मी नाही म्हटलं ते म्हटलंच. सतीशच्या व्हिसाचा प्रश्न होता आणि अट पिवळ्या रंगात समोर होती. देवस्थळींनी मान हलवली. "गेनाऊ. बरोबर आहे तुमचं." मग मीच म्हटलं, "सतीश त्याच गावात आहे. नीरजला भेटेल. तुमचा काय निरोप द्यायचा तेवढा सांगा."

"तो विचारेल, बाबांनी का पाठवलं."

"विचारू दे."

"त्याला संशय येईल."

"येऊ दे. मुलगा तुमचाच आहे."

ते हसले नाहीत. बुधवारपर्यंत निरोप लिहून देतो म्हणाले. बुधवारी म्हणाले, मजकूर तपासतोय. गुरुवारी सतीशचं विमान गेलं. आता त्यालाही बरेच दिवस झाले. काल जिन्यात देवस्थळी भेटले. त्यांच्या केहरवोखेचा आठवडा होता, हातात ओला मॉप.

"तीन ओळी झाल्या होत्या, वहिनी," ते म्हणाले. "दोन काढल्या."

"आणि उरलेली?"

"ती खरी आहे. म्हणूनच त्याचा विश्वास बसणार नाही."

शुक्रवारपर्यंत वाट पाहते असं मी त्यांना सांगितलंय. रोज सकाळी सतीश फोनवर विचारतो, नीरजकडे जाऊ का? मी म्हणते, थांब. तिकडची बाकी सगळी कामं त्याने उरकली: घर, बँक, बर्फाचे बूट. नीरजकडे जायचं तेवढं राहिलंय.