निर्णय एका सेकंदात

“फाउल झाल्यापासून तुमची शिट्टी वाजेपर्यंत पडलेला खेळाडू उठून, कपडे झटकून पुढे गेलेला असतो,” फुटबॉल पंचांचे प्रशिक्षक एका पंचांना म्हणाले. “रविवारी मी तुमचा सामना बघायला येतोय. हाच ढिम्मपणा दिसला, तर तुमची शिट्टी कायमची बंद. तोवर घरी सराव करा. कुणी काहीही विचारलं, की एका सेकंदात निर्णय. आणि दिलेला निर्णय फिरवायचा नाही. मी वीस वर्षं असाच जगतोय.”

पंचांनी हे घरी शब्दशः ऐकवलं आणि लगेच अमलात आणलं.

“जावईबापू, चार दिवस येऊ की महिनाभर?” सासूबाईंनी फोनवर विचारलं.

“महिनाभर!”

सासूबाई संध्याकाळीच बॅगांसह हजर झाल्या. सोबत मेव्हणा.

“दाजी, आम्ही हॉलमध्ये झोपू की तुमच्या खोलीत?”

“आमच्या खोलीत!”

पंच-पतिपत्नी हॉलमध्ये आले. बायकोला गादी मिळाली, पंचांना सोफा. तो त्यांच्यापेक्षा वीतभर आखूड होता. पण निर्णय फिरवायचा नव्हता.

बायकोला शंका आली. “अहो, चहा की कॉफी?”

“कॉफी!”

थोड्या वेळाने तिने विचारलं, “कॉफी की चहा?”

“चहा!”

भाजी, सिनेमा आणि चादरींवर हाच प्रयोग करून तिने निष्कर्ष काढला : नवरा निर्णय घेतच नव्हता, शेवटी कानावर पडलेलं परत करत होता. तिने हे फक्त भावाला सांगितलं. रविवारच्या सामन्यात भाऊच खेळणार आहे, हे तिच्या ध्यानात आलं नाही. हौशी संघांना पंच मिळणंच मुश्कील, त्यामुळे नातंगोतं कुणी बघत नसे.

सामना सुरू होताच मेव्हणा गोलपाशी स्वतःच्याच पायात पाय अडकून आडवा झाला.

“पंच, माझी चूक की पेनल्टी?”

“पेनल्टी!”

गोल झाला. मेव्हणा आणखी एकदा आडवा झाला. आणखी एक गोल. प्रतिस्पर्धी कप्तान काही दुधखुळा नव्हता. स्वतःच्या गोलपाशी चेंडू त्याच्या हाताला लागला, तेव्हा तोच आधी ओरडला, “पेनल्टी की चालू द्यायचं?”

“चालू द्या!”

उत्तरार्धात बावीस खेळाडू चेंडू सोडून पंचांच्या मागे धावत होते.

सामना संपताच प्रशिक्षक लालबुंद होऊन मैदानात उतरले. “वेग उत्तम. पण एक निर्णय बरोबर असेल तर शपथ!”

पंचांनी शिट्टी गळ्यातून काढली. “सर, मला ठेवणार की का...”

प्रेक्षकांतून बायको धावत आली आणि तिने नवऱ्याच्या तोंडावर हात ठेवला. “सर, यांना काढणार की ठेवणार?”

“ठेवणार!”

प्रशिक्षकांचा चेहरा उतरला. बायकोने त्यांना श्वास घेऊ दिला नाही.

“नुसत्या साध्या सामन्यांना की फायनललासुद्धा?”

“फायनललासुद्धा!” प्रशिक्षक म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हातांनी आपलं तोंड घट्ट दाबून धरलं.